उन्हाचे अंश आणि तापाचे अंश



वसंत व्याख्यानमालेत वक्त्याने वसंताचे थोडे गुणगान करावे अशी रीत आहे. पण आपल्याकडे वसंत येतो तो एका हातात चैत्राची पालवी आणि दुसऱ्या हातात वैशाखाची झळ घेऊनच. दुपारी हमरस्त्याचे डांबर पायाला चटका देते, तारळी आणि कृष्णा यांच्या संगमावरून येणारा वारासुद्धा गरम लागतो, आणि संध्याकाळी बातम्यांत सांगतात की, आज पारा चाळीस अंशांवर गेला. आपण मान डोलावतो आणि म्हणतो, 'तरीच!'

त्याच रात्री, त्याच घरात, एखादे मूल तापाने फणफणते. आई थर्मामीटर लावते आणि म्हणते, 'एकशे दोन!' घरातील सगळ्यांचे चेहरे उतरतात. आता गंमत पाहा. बाहेरचे ऊन चाळीस आणि मुलाचे अंग एकशे दोन, असे दोन आकडे एका घरात, एका दिवशी, एकमेकांशेजारी नांदत असतात, आणि आपणांस त्यात काही विचित्र वाटत नाही. कोणी म्हणाले की, आज उन्हाचा पारा एकशे चारावर होता, तर आपण त्यास थापाड्या म्हणू. कोणी म्हणाले की, पोराला एकोणचाळीस ताप आहे, तर आपण निश्चिंत होऊ. आणि दोन्ही वेळा आपण चुकू. कारण उन्हाचे चाळीस म्हणजेच एकशे चार, आणि एकोणचाळीस अंश ताप म्हणजे एकशे दोनाहूनही थोडा अधिक.

ही नुसती शब्दांची गंमत असती तर मी आपला वेळ घेतला नसता. माझ्या परिचयाच्या एका घरात घडलेली गोष्ट सांगतो. दीड वर्षाचे मूल तापले होते. घरात नवे, आकडे उजळून दाखवणारे थर्मामीटर आणले होते. सुनेने ते काखेत धरले; यंत्र वाजले; आकडा आला ३९.२. 'चाळीससुद्धा नाही,' ती म्हणाली आणि सकाळी पाहू असे ठरले. तेवढ्यात आजी आत आली. तिने नातवाच्या कपाळावर हात ठेवला आणि ओरडली, 'अगं, चटका बसतोय की हाताला! ते यंत्र ठेव बाजूला आणि गाडी काढायला सांग.' डॉक्टरांनी आपल्या थर्मामीटरने पाहिले तेव्हा एकशे दोन अंशांच्या वर ताप होता. यंत्र खोटे बोलले नव्हते. सूनबाईंनाही वाचता येत होते. फक्त आकडा एका भाषेत बोलत होता आणि ऐकणारी दुसऱ्या भाषेत ऐकत होती. वेळेवर आजीचा हात मिळाला म्हणून बरे. या दोन भाषा आपल्या घरात आल्या कशा आणि राहिल्या कशा, ही आजची कथा आहे.

आजीच्या हातापासूनच आरंभ करू. माणसाला उष्णता कळते ती कातडीला. त्यासाठी यंत्र लागत नाही. आपल्या भागातील गुऱ्हाळावर उभे राहून पाहा. काहिलीत रस रटरटत असतो. गुळव्या कोणतेही यंत्र वापरीत नाही. तो पाकाचा थेंब पाण्यात टाकतो, बोटांत त्याची गोळी वळते की नाही हे पाहतो आणि नेमक्या क्षणी काहील उतरवावयास सांगतो. त्याचा अंदाज सहसा चुकत नाही. मग मोजमापाची जरूर ती काय? जरूर एवढीच की, गुळव्याचे ज्ञान त्याच्या बोटांत राहते. ते पत्रात लिहून धाडता येत नाही आणि पन्नास वर्षांनी उघडून वाचता येत नाही. ज्या दिवशी आपण 'इतके अंश' म्हणतो, त्या दिवशी हातातले ज्ञान दुसऱ्याच्या हाती देण्याजोगे होते. म्हणून अंश हा निसर्गातील पदार्थ नव्हे; तो माणसामाणसांतील करार आहे.

हा करार जमण्यास युरोपातही शंभरांहून अधिक वर्षे लागली. सोळाव्या शतकाच्या अखेरीस गॅलिलिओने हवा तापली की पसरते या तत्त्वावर काचेच्या नळीचे एक साधन केले. त्याने ऊष्मा वाढला की उतरला हे कळे. किती, हे कळत नसे. पुढे ज्याने त्याने आपापल्या नळीवर आपापल्या खुणा केल्या. खुद्द न्यूटनने १७०१ साली स्वतःचे निराळे माप सुचवले. त्यात बर्फाला शून्य आणि माणसाच्या अंगाला बारा अंश होते. एका शहरातील आकडा दुसऱ्या शहरात निरुपयोगी, अशी ती स्थिती होती. आपल्याकडे पेठेपेठेचा शेर आणि पायली निराळी असे, तशातलाच तो प्रकार.

या गोंधळात डॅनिएल गॅब्रिएल फॅरनहाइट हा कारागीर पुढे आला. डान्झिग येथे १६८६ साली जन्मलेला हा मुलगा पंधरा वर्षांचा असताना विषारी अळंबी खाल्ल्याने त्याचे आईबाप एकाच दिवशी वारले. व्यापार शिकण्यासाठी त्यास हॉलंडमध्ये पाठविले. पण त्याचे मन रमले काच फुंकण्यात आणि यंत्रे करण्यात. त्याने नळीत दारूच्या अर्काऐवजी शुद्ध केलेला पारा भरला आणि त्याची दोन यंत्रे एकमेकांशी जुळू लागली. त्या काळी हेच मोठे आश्चर्य होते. १७२४ साली त्याने आपल्या मापाची माहिती लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ठेवली.

त्याचे शून्य कशाचे होते? बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणाचे. कल्हईवाला भात्यावर लालबुंद झालेल्या भांड्यात जी पांढरी पूड टाकतो आणि धुराचा लोट उठतो, तोच हा नवसागर. तो बर्फात मिसळला की मिश्रण बर्फाहूनही थंड होते. त्या थंडीस त्याने शून्य म्हटले, नुसत्या वितळत्या बर्फास ३२, आणि निरोगी माणसाच्या तोंडातील किंवा काखेतील उष्णतेस ९६. हे आकडे आज चमत्कारिक वाटतात. पण कारागिराच्या दृष्टीने ते सोयीचे होते. ३२ आणि ९६ यांमधील अंतर ६४. चौसष्टाचे अर्धे, त्याचे अर्धे, पुन्हा अर्धे असे करीत गेले की नळीवर खुणा पाडता येतात. ज्यांनी रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे केले, त्या आपल्या पूर्वजांना हे गणित मुळीच परके वाटले नसते. फॅरनहाइटच्या मागे त्याचे माप पाण्याच्या उकळण्याशी पक्के बांधले गेले: बर्फ ३२ आणि उकळी २१२, मध्ये बरोबर १८० अंश. या दुरुस्तीत माणसाचे अंग ९६ वरून सरकून ९८ च्या पुढे गेले.

दुसरा पुरुष अँडर्स सेल्सिअस, स्वीडनमधील उप्साला येथील ज्योतिषशास्त्राचा अध्यापक. त्याने १७४२ साली शंभर अंशांचे माप मांडले. पण ते आजच्या उलट होते! त्याच्या मापात उकळत्या पाण्यास शून्य आणि बर्फास शंभर. म्हणजे जितका उन्हाळा कडक तितका आकडा लहान. १७४४ साली, बेचाळिसाव्या वर्षी, तो वारला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत लोकांनी त्याचे माप पायावर उभे केले. फ्रान्समधील लियों येथे क्रिस्तें नावाच्या गृहस्थाने तर १७४३ सालीच सुलटे माप केले होते. पुढे फ्रेंच राज्यक्रांतीतून दशमान मापे निघाली, त्यांच्याबरोबर हे शंभर अंशांचे माप युरोपभर गेले. त्याला सेंटिग्रेड म्हणत. 'सेल्सिअस' हे त्याचे अधिकृत नाव आंतरराष्ट्रीय परिषदेने ठरवले ते १९४८ साली.

सेल्सिअसची खरी थोरवी मात्र शंभर या आकड्यात नाही. त्याने काळजीपूर्वक प्रयोग करून दाखवले की, बर्फ वितळण्याची उष्णता कोठेही गेलात तरी जवळजवळ तीच राहते. पण पाणी उकळण्याची उष्णता हवेच्या दाबाप्रमाणे बदलते. ही गोष्ट आपल्या अगदी घरची आहे. कृष्णामाई महाबळेश्वरास उगम पावते आणि आपल्या उंब्रजपाशी तारळीला भेटते. तेच पाणी महाबळेश्वरी चुलीवर ठेवले तर सुमारे ९५ ते ९६ अंशांवर उकळते. आपल्या गावात, समुद्रसपाटीहून सुमारे साडेपाचशे ते सहाशे मीटर उंचीवर, ते ९८ च्या आसपास उकळते. पूर्ण शंभर पाहावयाचे तर कोकणात समुद्रकाठी जावे लागेल. आणि शून्य? कडाक्याच्या थंडीत वेण्णा तलावाकाठी कधी कधी दवाचे हिमकण होतात, तेवढेच. म्हणजे ज्या दोन खुंट्यांवर सेल्सिअसचे माप ताणले आहे, त्यांपैकी एकही उंब्रजच्या भूमीवर आपोआप सापडत नाही. करार आहे म्हणूनच आपण तो मानतो.

आपल्या मुलखात हे यंत्र आले इंग्रजांबरोबर, आणि इंग्रजांनी फॅरनहाइटला आपलेसे केले होते. म्हणून आपल्याकडेही तोच आला. पेशवाई गेल्यानंतर काही वर्षांतच, १८२४ साली, मुंबई सरकारने विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्यास दख्खनची सांख्यिक माहिती गोळा करण्यास नेमले. माणसे, पिके, पक्षी यांच्याबरोबर त्याने हवेचा दाब आणि उष्णताही टिपली. दख्खनच्या हवामानावरील त्याचा निबंध १८३५ साली रॉयल सोसायटीने छापला. त्यानंतर तीन वर्षांनी त्याने आणखी एक निबंध लिहिला: साध्या थर्मामीटरने डोंगरांची उंची कशी मोजावी. युक्ती अशी की, डोंगरावर पाणी उकळावे आणि ते किती अंशांवर उकळते ते पाहावे. स्थूलमानाने दर साडेपाचशे फूट उंचीला फॅरनहाइटचा एक अंश कमी होतो. हवेचा दाब मोजणारी लांब काचेची नळी घोड्यावरून नेताना फुटावयाची. पण थर्मामीटर आणि भांडे कोठेही नेता येते. सेल्सिअसने उत्तर युरोपात जे दाखवले, ते सह्याद्रीच्या माथ्यावर असे कामास आले.

याच सुमारास, १८२९ साली, छत्रपती प्रतापसिंह महाराज आणि गव्हर्नर माल्कम यांच्यामध्ये करार होऊन महाबळेश्वरचा माथा इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि तेथे थंड हवेचे ठाणे वसले. 'थंड हवा' ही नुसती जाणीव राहिली नाही. तिची नोंद होऊ लागली. १८८५ साली निघालेल्या सातारा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये आपल्या जिल्ह्याच्या हवामानाचे जे आकडे आहेत, ते फॅरनहाइटचे आहेत. हे लक्षात न ठेवता कोणी त्या पानावर नजर टाकील, तर आपले आजोबा-पणजोबा भट्टीत राहत होते असे त्यास वाटेल.

या कामात आपल्या माणसांचाही हात होता, हे अभिमानाने सांगितले पाहिजे. कुलाब्याची वेधशाळा १८२६ साली निघाली. तेथे प्रोफेसर ऑर्लेबार यांच्या हाताखाली १८४० च्या सुमारास एक कोवळा मराठी मुलगा नोकरीस लागला. तो सुमारे दहा वर्षे तेथे होता. हे केरो लक्ष्मण छत्रे, पुढे लोकमान्य टिळकांचे गुरू म्हणून ख्यात झालेले केरूनाना. यंत्रावरील आकडा आणि आकाशातील वस्तुस्थिती यांचा मेळ घालण्याची जी सवय त्यांस तेथे लागली, तिचेच फळ म्हणजे १८६० साली प्रसिद्ध झालेली 'ग्रहसाधनाची कोष्टके'. या कोष्टकांवरून नवे पंचांग निघाले आणि महाराष्ट्रात वाद पेटला. राशिचक्राचा आरंभ रेवती नक्षत्रातील ताऱ्यापासून धरावयाचा की चित्रेच्या समोरच्या बिंदूपासून? दोन पक्षांत सुमारे चार अंशांचा फरक. आकाश एकच, ग्रह तेच. पण शून्य कोठे मांडावयाचे यावर मतभेद! फॅरनहाइट आणि सेल्सिअस यांचे भांडण याहून फार निराळे नाही.

आता एका मापातून दुसऱ्या मापात कसे जावे, हे पाहू. मुलांना शाळेत याचे सूत्र पाठ करावयास लावतात आणि परीक्षेनंतर ती ते विसरतात, कारण सूत्रामागचे कारण त्यांना सांगितले जात नाही. ते कारण आपल्या इतिहासातच आहे. पानिपतची लढाई केव्हा झाली? इसवी सन १७६१. पंचांगाप्रमाणे शके १६८२. मराठी दप्तरांतील शुहूर सन ११६१. आणि हिजरी सन ११७४. एकच दिवस, चार आकडे. यांपैकी शकाचे इसवी करणे सोपे: ७८ मिळवावे, पौषानंतरचा भाग असेल तर ७९. शुहूर सनाचेही तसेच: मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९, पुढे ६००. कारण वर्षाची लांबी तीच आहे, फक्त मोजणीचा आरंभ निराळा. येथे केवळ बेरीज पुरते. उलट आण्यांचे नवे पैसे करताना आरंभ एकच असतो, शून्य आणे म्हणजे शून्य पैसे. फक्त तुकडा निराळा. तेथे केवळ गुणाकार पुरतो. पण हिजरी सनाचे काय? तेथे आरंभही निराळा, सन ६२२ मधला, आणि वर्षही निराळे, चंद्राचे, सुमारे ३५४ दिवसांचे. म्हणून तेथे गुणाकारही हवा आणि बेरीजही हवी. नुसते ६२२ मिळवणारा फसतो.

थर्मामीटरचे नाते या हिजरी सनासारखे आहे. बर्फापासून उकळीपर्यंत सेल्सिअसचे १०० अंश, फॅरनहाइटचे १८०. म्हणजे सेल्सिअसचा एक अंश फॅरनहाइटच्या एक पूर्णांक आठ दशांश अंशाएवढा मोठा. आणि सेल्सिअसचे शून्य असते तेथे फॅरनहाइटचे ३२. म्हणून १.८ ने गुणावे आणि ३२ मिळवावे. ज्यांनी पावकी-निमकीचे पाढे म्हटले आहेत त्यांना कागदही नको. आकड्याची दुप्पट करा, तिचा दशांश वजा करा, ३२ मिळवा. चाळिसाची दुप्पट ऐंशी, त्यातून आठ गेले बहात्तर, आणि बत्तीस मिळून एकशे चार. उलट जावयाचे तर आधी ३२ वजा करा, उरले त्याचे अर्धे करा आणि त्या अर्ध्यात त्याचाच नववा हिस्सा मिळवा. एकशे चारातून बत्तीस गेले बहात्तर, अर्धे छत्तीस, छत्तिसाचा नववा हिस्सा चार, मिळून चाळीस. हा अंदाज नव्हे, अचूक हिशेब आहे. आणि दोन्ही मापे एका ठिकाणी भेटतातही: शून्याखाली चाळीस. तेथे सेल्सिअस म्हणा की फॅरनहाइट म्हणा, आकडा एकच.

येथे एक खड्डा आहे आणि शहाणीसुरती माणसेही त्यात पडतात. उष्णता किती आहे हे सांगणे निराळे आणि ती कितीने वाढली हे सांगणे निराळे. पृथ्वीची तापवाढ दीड अंशावर रोखावी असा प्रयत्न करण्याचे राष्ट्रांनी २०१५ साली पॅरिस येथे ठरवले. हे दीड अंश फॅरनहाइटमध्ये किती? घाईने सूत्र लावणारा म्हणेल ३४.७, आणि जग जळून खाक झाले असे त्यास वाटेल. खरे उत्तर २.७. वाढीला आरंभबिंदू नसतो, म्हणून तेथे बत्तिसाचे काम नाही. शके १६०० ते १६८२ ही ब्याऐंशी वर्षे. इसवीतही ती ब्याऐंशीच. त्यांत कोणी ७८ मिळवीत नाही. तसेच हे आहे.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. आपल्या उन्हाने फॅरनहाइट सोडला, आणि तापाने का सोडला नाही? स्वातंत्र्यानंतर आपल्या देशात मापांची जी क्रांती झाली ती आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला. १ एप्रिल १९५७ रोजी नवा पैसा आला. ऑक्टोबर १९५८ पासून किलोग्रॅम टप्प्याटप्प्याने बाजारात उतरला, आणि १९६२ पर्यंत शेर, मण, तोळा कायद्याने मागे पडले. त्या दिवसांत दुकानादुकानांतून कोष्टके टांगलेली असत. सवा सहा पैशांचा आणा सहाला घ्यावयाचा की सातला, यावर वाद होत. हवामानखाते १८७५ सालापासूनचे. त्याचे मुख्य ठाणे १९२८ साली शिमल्याहून पुण्यास आले होते, म्हणूनच पुण्यातील त्या चौकास आजही शिमला ऑफिस चौक म्हणतात. वेधशाळा सरकारच्या, यंत्रे सरकारची, नोंदवह्या सरकारच्या. नव्या मापांच्या लाटेत खात्याने फॅरनहाइट सोडला आणि वृत्तपत्रांतील उन्हाचे आकडे सेंटिग्रेडमध्ये येऊ लागले. आपणही एका पिढीत ते पचवले. पूर्वी ज्या उन्हास एकशे चार म्हणत त्यास आज कोणी एकशे चार म्हणत नाही.

परंतु तापाचे थर्मामीटर सरकारच्या वेधशाळेत नव्हते. ते डॉक्टरांच्या खिशात होते आणि आईच्या कपाटात होते. १८६६-६७ च्या सुमारास इंग्लंडमधील डॉक्टर ऑलबट यांनी सहा इंचांचे सुटसुटीत थर्मामीटर काढले; त्यापूर्वीचे फूटभर लांब असे आणि रुग्णाला वीस-वीस मिनिटे धरून बसावे लागे. ते लहान यंत्र इंग्रजी वैद्यकाबरोबर येथे आले, फॅरनहाइटचे अंश घेऊन. दोन-तीन पिढ्यांनी त्यावरचे आकडे शिकले ते पुस्तकातून नव्हे, तर आजारी मुलाच्या उशाशी बसून. शंभर म्हणजे कणकण. एकशे एक म्हणजे औषध. एकशे तीन म्हणजे पाण्याच्या घड्या. एकशे चार म्हणजे देवाचा धावा. बाजारभाव माणूस सवयीने शिकतो आणि सवयीने विसरतो. भीतीने शिकलेला आकडा कायद्याने विसरता येत नाही. त्यात थोडी सोयही आहे: फॅरनहाइटचे अंश बारीक असल्याने अपूर्णांक न सांगता तापाचा चढउतार कळतो. म्हणून एकाच राष्ट्राने दिवाणखान्यात सेल्सिअस ठेवला आणि आजाऱ्याच्या खोलीत फॅरनहाइट.

भाषांतर करताना अर्थ कसा सरकतो, याचेही एक उदाहरण येथेच आहे. जर्मनीतील लायप्झिगचे वुंडरलिश या डॉक्टरांनी हजारो रुग्णांची उष्णता मोजली आणि १८६८ साली ग्रंथ लिहिला. निरोगी अंगाची उष्णता त्यांनी ३७ अंश सांगितली. ३७ हा गोल आकडा आहे. तो उच्चारतानाच 'सुमारे' हा शब्द त्याच्या मागे उभा असतो. त्याचे फॅरनहाइट केले, झाले ९८.६. लगेच तो आकडा दशांशापर्यंत काटेकोर दिसू लागला, जणू ९८.८ झाले की माणूस आजारी! इंग्लंडातील आणि आपल्याकडील जुन्या थर्मामीटरवर तर ९८.४ पाशी खूण असे. १९९२ साली अमेरिकेत पुन्हा मोजणी झाली, तेव्हा सरासरी ९८.२ निघाली. निरोगी माणसाचे अंग सकाळी थोडे थंड असते, संध्याकाळी थोडे गरम. बालकाचे निराळे, म्हाताऱ्याचे निराळे. तो दशांश माणसाच्या अंगात नव्हताच. तो गुणाकारातून आला होता.

हा सारा इतिहास जुना झाला असे समजू नका. २०२० साली करोनाच्या साथीत दुकानाच्या, कचेरीच्या दारात कपाळावर यंत्र रोखून आकडा वाचीत, ते आठवते ना? एका दारात ९७.५, पुढच्या दारात ३६.४, आणि 'इतक्या लवकर उतरला कसा?' असे विचारणारे लोक मी पाहिले आहेत. आरोग्याच्या कारणास्तव पाराही आता घरातून निघाला आहे. पाऱ्याचा वापर आवरण्याच्या आंतरराष्ट्रीय करारास भारताने २०१८ साली मान्यता दिली. काचेच्या जुन्या नळीवर अंश छापलेले असत, ते बदलत नसत. नव्या पुष्कळ यंत्रांना एक लहानसे बटण असते. ते चुकून दाबले गेले की यंत्र सेल्सिअसमध्ये बोलू लागते, आणि आकड्यामागील बारीक अक्षर रात्रीच्या अंधारात कोणी वाचीत नाही. म्हणून पूर्वीपेक्षा आज हे अधिक समजून घेतले पाहिजे.

मी आपणांस फॅरनहाइट टाकून द्या असे सांगण्यास आलो नाही. आपल्या घरात शक आणि इसवी सन सुखाने नांदतात. लग्नपत्रिकेवर दोन्ही छापतो आणि कोणाचे काही बिघडत नाही. का बिघडत नाही? कारण आपण आकड्यापूर्वी नाव लिहितो: 'शके', 'सन'. तेवढी शिस्त तापाला लावा. फोनवर डॉक्टरांना नुसते 'एकोणचाळीस' किंवा नुसते 'एकशे दोन' सांगू नका. कोणत्या मापाचे, तेही सांगा. आणि एका चिठ्ठीवर पाच ओळी लिहून ती औषधाच्या कपाटात आतून चिकटवा: ३७ म्हणजे ९८.६, ३८ म्हणजे १००.४, ३९ म्हणजे १०२.२, ४० म्हणजे १०४, ४१ म्हणजे १०५.८. ही चिठ्ठी एखाद्या रात्री उपयोगी पडेल.

आणि त्या आजीचा हात मात्र विसरू नका. यंत्रापूर्वीही तो होता आणि यंत्रानंतरही तो राहील. आकडा आणि हात यांचे जुळत नसेल तेव्हा आकडा पुन्हा वाचा; तो कोणत्या भाषेत बोलतो आहे ते पाहा. उष्णता एकच असते. अंश आपण केलेले असतात, आणि केलेला करार पाळणेही आपल्याच हाती असते.